टेकडीच्या अलीकडची शाळा

हल्ली दुपारी जेवण झालं की खिडकीजवळच्या खुर्चीत माझा डोळा लागतो, आणि डोळा लागला की मी शाळेत असते. स्वप्नात फारसं काही घडत नाही. पाण्याच्या टबात कुणीतरी निवांतपणे कप बुडवत असतं, रेडिएटरवर ओले हातमोजे वाळत असतात, कुंपणामागून मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी जाते आणि मैदानावरची सगळी मुलं खेळ थांबवून तिला हात करतात. जाग आल्यावर क्षणभर कळत नाही, मधली सुट्टी संपली की माझी नोकरी.

नोकरी संपून बरीच वर्षं झाली. लंडनच्या हॅरो भागातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत रिसेप्शनच्या वर्गात मी मदतनीस होते. रिसेप्शन म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग, चार-पाच वर्षांची मुलं. वर्गाच्या बाई मिसेस हॉलिस. शिकवायच्या त्या, नाकं पुसणं, कोटाची बटणं लावणं, ब्रश धुणं आणि रडणाऱ्याला मांडीवर घेणं माझ्याकडे. माझं आडनाव सहस्रबुद्धे. ते मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत कुणालाच पेलेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात मी 'मिसेस एस' झाले ती निवृत्त होईपर्यंत. हजार बुद्धींतलं एक अक्षर उरलं, पण त्या कामाला तेवढं पुरलं.

दोन हजार सालानंतर पुण्या-मुंबईची, नागपूरची कॉम्प्युटरवाली मुलं बायका-पोरांसह आमच्या भागात यायला लागली. गणपतीच्या आरतीनंतर, वेम्बलीला भाजीच्या दुकानात मेथीची जुडी निवडताना, कुठेही मला गाठून प्रश्न एकच असायचा. काकू, प्रायव्हेट की स्टेट? हे लोक एरवी मोठमोठ्या बँकांची कामं सांभाळणारे, पण चार वर्षांच्या लेकराची शाळा निवडताना त्यांची मती गुंग व्हायची. आमच्या सरकारी शाळेत प्रवेश घर किती जवळ आहे त्यावर मिळायचा, म्हणून भाड्याचं घर ते स्वयंपाकघर न बघता नकाशा बघून घ्यायचे. एक जोडपं चर्चच्या शाळेत नंबर लागावा म्हणून दर रविवारी चर्चला जायचं आणि घरी येऊन देवापुढे निरांजन लावून माफी मागायचं. प्रवेश मिळाला. पुढे नवऱ्यानं जाणं सोडलं, बायको मात्र अजून जाते. तिला तिथलं गाणं आवडतं म्हणे.

आणि टेकडीच्या पलीकडे ती खाजगी शाळा होती. गडद हिरव्या हॅट, पितळी बटणांचे कोट, वर्गात आमच्या निम्मी मुलं. सकाळी धुकं असलं की टेकडी दिसायची नाही, नुसता चर्चचा मनोरा वर तरंगायचा, आणि त्या धुक्यात हिरव्या हॅटवाल्या मुली चढत जाताना दिसायच्या. खरं सांगते, मलाही ते दृश्य फार आवडायचं. आमच्या शाळेचं छप्पर गळायचं. पावसाळी दिवसांत, म्हणजे जवळजवळ रोजच, गालिच्यावर एक लाल बादली ठेवलेली असायची आणि मुलं तिच्याभोवती गोल करून गोष्ट ऐकायची.

इराची गोष्ट सांगायची तर आधी आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. सप्टेंबरात वर्ग भरण्याआधी मिसेस हॉलिस आणि मी प्रत्येक नव्या मुलाच्या घरी जायचो. हेतू साधा. मुलानं आम्हाला आपल्या घरात, आपल्या खेळण्यांत एकदा पाहिलं की शाळेत आम्ही परक्या वाटत नाही. परीक्षा नाही, तपासणी नाही. हे सगळं पत्रात लिहिलेलं असायचं, पण आपल्या मराठी घरांत त्या पत्रावर कुणाचा विश्वास बसत नसे. दोन बायका मुलीला बघायला घरी येणार म्हटल्यावर आपल्याला एकच कार्यक्रम ठाऊक. दार उघडायच्या आधीच पोह्यांचा वास यायचा. सोफ्यावर नवी चादर, टीपॉयवर नारळाच्या वड्या, आणि मधोमध नटवून बसवलेलं कार्टं. मिसेस हॉलिस खाण्याच्या शौकीन. त्या मराठी घरांच्या भेटी मुद्दाम जेवणाच्या आधी ठेवायच्या आणि दुसरी प्लेट कधी नाकारायच्या नाहीत.

इराच्या घरीही पोहे होते. मंदार आणि केतकी, दोघं तिशीतले. तो अमरावतीकडचा, लंडनला ऑफिस. ती पुण्याची, इथे घरीच. इरा फ्रॉक घालून, हात मांडीवर ठेवून बसली होती. मंदार म्हणाला, "इरा, टेल युअर नेम टू मॅडम." इरानं गालिच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "ओके, से द पोएम." इरा उठली, शांतपणे चालत गेली आणि डायनिंग टेबलाखाली जाऊन बसली. मंदारचा चेहरा पडला. केतकी पोहे वाढायला उठली, पण वाढायचं विसरून तशीच उभी राहिली.

अशा वेळी काय करायचं, हे मी मिसेस हॉलिसकडून शिकले. काही करायचं नाही. मुलाकडे बघायचंही नाही. त्यांनी पिशवीतून रंगीत मळलेली कणीक काढली, जमिनीवर बसल्या आणि जणू खोलीत मूल नाहीच अशा आपल्यासाठी गोळे वळायला लागल्या. मीही बसले. गुडघे तेव्हा ऐकायचे. आम्ही दोघी बराच वेळ लाडू वळत होतो. मंदार काहीतरी बोलायला गेला, तर मी त्याला मानेनंच नको म्हटलं. मग टेबलाखालून एक हात आला, एक लाडू उचलून परत आत गेला.

त्या दुपारी खरी हकिकत कळली. टेकडीपलीकडच्या शाळेनं वसंतात इराला बोलावलं होतं. तिथे चार वर्षांच्या मुलांना खेळायला सोडतात आणि शिक्षिका बाजूला उभ्या राहून बघतात. या दोघांनी इराची तयारी करून घेतली होती ती नाव, पत्ता, कविता आणि हाताची घडी यांची. इरा तिथे हाताची घडी घालून भिंतीशी उभी राहिली ती राहिलीच. शाळेनं अगदी गोड शब्दांत सांगितलं, जागा झाली की पुन्हा बघू. त्या दिवसापासून मंदारनं घरात मराठी बंद केली. कुणा मित्रानं सांगितलं होतं की दोन भाषांत मूल गोंधळतं. आता इरा बाहेर बोलत नव्हतीच, घरातही जेमतेम बोलायची.

मिसेस हॉलिसनी समजावलं, घरी तुमचीच भाषा बोला, इंग्रजी आमच्यावर सोडा. मंदारनं मान डोलावली. दारापर्यंत पोचवायला आला तेव्हा मला हळूच म्हणाला, त्यांचं काय जातं, त्यांचं इंग्रजी आहेच.

वर्ग सुरू झाला. इरा यायची, गोगलगायीचं चित्र लावलेल्या आपल्या खुंटीवर कोट अडकवायची आणि खिडकीपाशी जाऊन बसायची. रडणं नाही, हट्ट नाही, बोलणंही नाही. आमच्या कामात याचं फार नवल नसतं. परकी भाषा कानावर पडली की बरीच मुलं काही महिने नुसतं ऐकतात. पाण्यात उतरण्याआधी काठावर बसून राहावं तसं. त्यांना खेचायचं नाही, फक्त जवळ काहीतरी काम द्यायचं. इराला मी ब्रश धुवायला द्यायचे. आम्ही दोघी सिंकपाशी उभ्या राहायचो, निळं पाणी, मग हिरवं, मग मातकट, मग स्वच्छ. तिचं ते पाण्याकडे बघणं मला स्वप्नात अजून दिसतं.

पण मला वाटलं होतं, मी मराठी, माझ्याशी तरी बोलेल. एकदा सिंकपाशी कुणी नव्हतं तेव्हा मी हळूच विचारलं, पाणी गार आहे का गं? तिनं चटकन दाराकडे पाहिलं आणि ब्रश ठेवून निघून गेली. मला ते लागलं. कारण कळलं ते केतकीकडून, गेटवर. म्हणाली, "काकू, मी तिच्याशी मराठीत बोलते, पण फक्त बाथरूममध्ये. टॅप ऑन असतो तेव्हा. दारात मंदारची चावी वाजली की आम्ही दोघी स्विच होतो." सांगताना हसत होती, आणि मग हसता हसता तिला रडू आलं. म्हणजे मराठी ही लपवायची गोष्ट, आणि इंग्रजी परीक्षेची. त्या पोरीला बोलायला तिसरं काही उरलंच नव्हतं.

मंदार सकाळी तिला सोडून गाडी पकडायचा. गेटवर रोज एकच प्रश्न, काल बोलली का? मी म्हणायचे, बोलेल. तो घड्याळ बघायचा आणि जायचा. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्याचं दूध कुठलं होतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

झाडांची पानं झडून गेली, मुलांनी खिशातून आणलेल्या चेस्टनटच्या बियांनी माझे ड्रॉवर भरले, आणि ऑक्टोबरच्या सुट्टीनंतर झोशा आली. पोलंडची. आई-वडील नुकतेच कामासाठी आलेले, घरात कुणालाच इंग्रजी नाही. झोशा दिवसभर खुंट्यांपाशी कोट धरून रडायची. इरा खिडकीतून उठली आणि खुंट्यांजवळ जाऊन बसली. काही दिवस नुसती बसली, एक रडतेय, दुसरी बघतेय.

एका दुपारी मैदानावर जायच्या वेळी झोशानं कोट उलटा चढवला, बटणं पाठीवर. मी दारामागे होते, हातात ओले ब्रश. आणि मला ऐकू आलं, "असं नाही. थांब. इकडे ये."

आवाज घोगरा होता, बरेच दिवस न वापरल्यासारखा. इरानं तिचा कोट काढला, सरळ केला, एकेक हात घालून दिला. तोंडानं चालूच होतं, "हा हात. आता हा. झालं." मी हलले नाही. ब्रशांचं पाणी माझ्या बुटांत गळत होतं तरी हलले नाही. मग दोघी बाहेर गेल्या आणि गाडी आली तेव्हा कुंपणाशी उभ्या राहून हात करत होत्या.

त्यानंतर इराची मराठी आमच्या वर्गात उघड्यावर आली. नळ न सोडता. घर-घर खेळताना, पाण्याच्या टबाशी, गालिच्यावर. मोठ्यांशी नाही, फक्त झोशाशी. आणि झोशा ती टिपकागदासारखी शोषून घ्यायला लागली. नाताळ जवळ आला तेव्हा झोशाची आई गेटवर चार मोडक्या इंग्रजी शब्दांत, हातवारे करत आनंदानं मिसेस हॉलिसना सांगायला लागली की मुलगी घरी इंग्रजी बोलते, आणि तिनं म्हणून दाखवलं, "इकडे ये. थांब. माझं आहे." मिसेस हॉलिसनी माझ्याकडे पाहिलं. मला खुलासा करावा लागला. झोशाची आई इतकी हसली की तिला कुंपण धरावं लागलं. म्हणाली, ठीक आहे, आधी ही भाषा येऊ दे. पण झोशा शिक्षकांपैकी कुणाशी अवाक्षर बोलायची नाही. तिला बोलायला इरा होती.

मंदारला मी कोटाच्या त्या प्रसंगानंतर दुसऱ्याच सकाळी सांगितलं होतं, बोलली. त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. मग त्यानं विचारलं, "कुठल्या भाषेत?"

मी सांगितलं. त्याची गाडी आली आणि गेली.

"काकू," तो म्हणाला, "मी तालुक्याच्या शाळेत शिकलो. पुण्याला इंजिनिअरिंगला आलो आणि माझं तोंडच बंद झालं. उत्तर यायचं, पण इंग्रजीत म्हणायची भीती. अख्खं कॉलेज लास्ट बेंचवर काढलं. अजून मीटिंगमध्ये माझं सेंटेन्स मनात तयार होईपर्यंत टॉपिक पुढे गेलेला असतो. इराचं असं नाही होऊ द्यायचं मला. ती इथे इंग्लिश शिकायच्या ऐवजी दुसऱ्यांना मराठी शिकवत बसेल."

मला त्याचा राग यायला हवा होता, आला नाही. त्याच्या जागी मीही हेच केलं असतं कदाचित.

डिसेंबरात टेकडीपलीकडून निरोप आला. एक जागा रिकामी झाली होती, त्यांना इराला पुन्हा बघायचं होतं. केतकी मला गेटवर थांबवून म्हणाली, काकू, खरं सांगा, तुम्ही काय कराल? दुसऱ्या शाळेबद्दल बोलायचं नाही असा आम्हाला दंडक होता, आणि मी तो तोवर पाळला होता. पण ती पोर इतकी एकटी दिसत होती. सासर पाच हजार मैलांवर, माहेरही तिथेच, आणि नवरा प्रेमानंच चुकतोय की बरोबर आहे हे तिला ठरवता येत नव्हतं.

मी म्हटलं, "तिथे तिला सगळं मिळेल, केतकी. चांगलं मिळेल. फक्त तिथे कोट उलटा घालणारं कुणी नसेल."

तिनं मान हलवली. पण घरात निर्णय तिच्या एकटीचा नव्हता.

टेकडीपलीकडे गेले त्या दिवशी काय झालं ते तिनंच मला नंतर सांगितलं. मोठा हॉल, लाकडी जमीन, पाच-सहा मुली. त्यातली एक कडक नव्या बुटांत अवघडून रडायला लागली. शिक्षिका बघत उभ्या. इरा भिंतीपासून निघाली, त्या मुलीचा हात धरला, तिला खाली बसवलं आणि अगदी मिसेस हॉलिसच्या सुरात, त्यांच्याच लाडाच्या 'पेट'सकट म्हणाली, "डोन्ट वरी, पेट. सिट विथ मी. आय शो यू." मग तिच्या बुटाचा पट्टा सैल करून दिला. एवढे महिने खिडकीत बसून तिनं सगळं ऐकून ठेवलं होतं. तिथल्या मुख्याध्यापिका मंदारला म्हणाल्या, अशी मुलगी आम्हाला हवी आहे. मंदार गाडीत बसून रडला.

दुसऱ्या दिवशी गेटवर त्यानं माझे दोन्ही हात धरले. "काकू, बोलली. इंग्लिशमध्ये बोलली. त्या शाळेत पाऊल टाकल्याबरोबर. ॲटमॉस्फिअरचा किती फरक पडतो बघा."

करून गेला गाव आणि दुसऱ्याचंच नाव. केतकी बुटाच्या टोकाकडे बघत होती. मिसेस हॉलिसना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, खिडकीबाहेर पाहिलं, आणि एवढंच म्हणाल्या की चला, बोलली तर खरी. त्या मोठ्या मनाच्या होत्या. मी नव्हते; मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

नाताळाच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांनी कागदी मुकुट घातले. इरा आणि झोशा गालिच्यावर बादलीजवळ टेकून बसल्या होत्या, बाहेर चार वाजायच्या आतच अंधारून आलं होतं, आणि मिसेस हॉलिस गोष्ट वाचत होत्या. इराचे डोळे मिटत होते. त्या क्षणी मला वाटलं, ही दुपार अशीच राहावी, कुणी गेट उघडू नये. मग आई-बाप आले आणि कोटांची गडबड उडाली. इरानं झोशाचा कोट चढवून दिला, सवयीनं. शाळा बदलणार हे तिला सांगितलेलं होतं. ते तिला कितपत समजलं होतं कोण जाणे. झोशाला तर कुणी सांगितलंच नव्हतं. कुठल्या भाषेत सांगणार?

जानेवारीत शाळा उघडली. बाहेर धुकं होतं, टेकडी नव्हतीच. मी सकाळी लवकर येऊन गोगलगायीचं चित्र खुंटीवरून काढून ठेवलं होतं. झोशा आली, कोट अडकवला, खुंट्यांपाशी थोडी रेंगाळली आणि गालिच्यावर जाऊन बसली. शेजारची जागा तिनं पाय पसरून धरून ठेवली. दुसरी मुलगी बसायला आली तर तिला हातानं दूर केलं. दर वेळी दार वाजलं की मान वळायची.

मिसेस हॉलिस हजेरी घ्यायला लागल्या. मुलांना त्या नावांचा क्रम पाठ असतो, कवितेसारखा. हसन. येस मिस. त्यानंतर इरा असायची. मिसेस हॉलिस क्षणभर अडखळल्या आणि पुढचं नाव घेतलं, जेकब.

झोशा उठून उभी राहिली. आजवर मोठ्यांपुढे तोंड न उघडलेली ती मुलगी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बाईंना म्हणाली, "थांब."

जेकब येस मिस म्हणायचं विसरला. मिसेस हॉलिसनी माझ्याकडे बघून विचारलं, ती काय म्हणतेय, मिसेस एस?

मी सांगितलं.

मिसेस हॉलिसनी पेन खाली ठेवलं आणि त्या थांबल्या. झोशा दाराकडे बघत उभी होती. आम्ही सगळेच दाराकडे बघत बसलो.